रिकामं बसता येत नाही. तुम्ही कसं बसता?

शब्दमोजणी

प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागची हकिगत सांगितल्याशिवाय तो वेडगळ वाटेल. तेव्हा जरा सोसून घ्या.

मी भाषांतरं करते. सतरा वर्षं झाली. कथा-कादंबऱ्या नाहीत, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, करारनामे, विम्याच्या अटी. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांतला जो कागद कुणी वाचत नाही, तो मी लिहिते. पैसे शब्दावर मिळतात. मजकूर सरळ असला तर तासाला तीनशे शब्द होतात, कायद्याचा असला तर दोनशेच्या आत.

हा हिशेब आता हाडात मुरलाय. मैत्रिणीचा फोन तासभर चालला की आतल्या आत ३०० वजा होतात. फिरून आले की २००. मावशी आजारी होती तेव्हा तिला भेटायला गेले, दीड तास बसले, आणि निघताना जिन्यातच डोक्यात आकडा उमटला: ४५०. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२०१२ पासून मी वही ठेवते. तारीख, काम, शब्द, वेळ. उजवीकडे अगदी कडेला एक अरुंद रकाना आहे, त्याचं नाव 'वाया'. सुरुवातीला त्यात वीज गेली, संगणक बंद पडला असल्या नोंदी असायच्या. मग हळूहळू बाकीचं जग त्यात शिरलं. परवा एक जुनी वही चाळली, त्यातल्या काही देते: 'वर्तमानपत्र – ३५ मि.' 'दुपारची झोप – ५० मि.' 'पाऊस – २० मि.' पाऊस! खिडकीशी उभी राहून पाऊस पाहिला आणि परत येऊन तो खर्ची टाकला.

गेल्या वर्षी मानेचं दुखणं निघालं, डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. त्याच सुमारास घराचं कर्ज फिटलं, मुलगी शिकायला बाहेर गेली. म्हटलं, आता पुरे. सकाळी सातला बसायचं, दुपारी दोनला उठायचं, दोननंतर काम नाही. आठ महिने झाले, नियम एकदाही मोडला नाही. नियम पाळण्यात मी पटाईत आहे. दुखणं बहुतेक तेच असावं.

कारण दोननंतर मी काय काय केलं ते ऐका. पहिल्या आठवड्यात सगळी कपाटं लावली. दुसऱ्या आठवड्यात शब्दकोश विषयवार लावले, मग आकारमानानुसार, मग परत विषयवार. मग ध्यानाचं ॲप घेतलं. सलग १४३ दिवस झाले आणि १४४व्या दिवशी ताप भरला, तर साखळी तुटू नये म्हणून तापात उठून बसले आणि पाच मिनिटं श्वास मोजले. फिरायला जाते, पण ८,००० पावलं व्हायला हवीत; ७,६०० वर घरी पोचले तर उरलेली चारशे हॉलमध्ये येरझाऱ्या घालून पुरी करते. वर्षाला चाळीस पुस्तकं वाचायचं ठरवलं आणि नोव्हेंबरात माझ्या लक्षात आलं की मी आता बारीक पुस्तकं निवडतेय.

खरी इच्छा वेगळीच होती. पन्नाशी जवळ आली. म्हटलं जरा थांबून मागे वळून बघावं, हे सगळं काय चाललं होतं. म्हणून एक दिवस फोन आत ठेवला आणि गॅलरीत खुर्ची टाकून नुसती बसले. अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत काय सुचलं? एका ईमेलला उत्तर द्यायचं राहिलंय, आणि २०१६ मध्ये एका करारात 'करावे'च्या जागी मी 'करता येईल' लिहिलं होतं. झालं एवढंच आयुष्याचं चिंतन. उठले आणि कपडे वाळत घातले.

काम कमी करा असं कृपया सांगू नका. काम मला आवडतं. अडलेला शब्द सापडतो तेव्हा जो आनंद होतो तो कुठल्या सहलीत झालेला नाही. वेळापत्रकही नको, ते मी तुम्हाला बनवून देईन. वेळ आहे, पैशाची तातडी नाही, आणि तरी मला बसता येत नाही. ज्यांना येतं ते नेमकं काय करतात?

जुना टर्नर

ताई, तुमची वही वाचून माझी एक वही आठवली.

मी ३४ वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर काढली, त्यातली शेवटची अकरा फोरमन म्हणून. आमच्या खात्यात एकदा मोठी ऑर्डर आली आणि तीन महिने रोज चार तास ओव्हरटाइम लागला. पोरं खूष होती, मीही होतो. माझ्याकडे रिजेक्शनचं रजिस्टर असायचं: कुठला जॉब, म्हणजे कातलेला भाग, कुणाच्या हातून, किती वाजता मापाबाहेर गेला. पहिल्या महिन्याअखेर मी ते तासाप्रमाणे मांडून पाहिलं. दहाव्या तासानंतर रद्द झालेले जॉब इतके होते की त्या दोन तासांत आम्ही नुसतं भंगार काढत होतो आणि वर त्याचा जादा पगार घेत होतो. साहेबाला दाखवलं. त्याने रजिस्टर मिटून ठेवलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की हे आधीच मोजून झालेलं आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाच्या तासांच्या आणि उत्पादनाच्या नोंदी ठेवल्या होत्या. जॉन पेन्कॅव्हेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये त्या पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत काम वाढेल तसं उत्पादन वाढतं. त्यापुढे वाढ मंदावत जाते. आणि ७० तास राबणाऱ्यांचा माल ५६ तासवाल्यांपेक्षा फारसा जास्त नव्हता. चौदा तास गेले कुठे? तुमचा 'वाया' रकाना खरं तर तिथे हवा होता.

दुसरं. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले, ही मागणी ब्रिटनमधल्या रॉबर्ट ओवेन या समाजसुधारकाने १८१७ मध्ये केली. १८५६ मध्ये मेलबर्नच्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली तेव्हा त्यांना आठ तासांचा दिवस मिळाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अगदी पहिला करार, १९१९ चा, तोही आठ तासांचाच. म्हणजे तुमचं दुपारी दोननंतरचं जे आहे ते कुणीतरी भांडून मिळवलेलं आहे. युनियनचा माणूस आहे, एवढं बोलल्याशिवाय राहवत नाही.

आता तुमचं उत्तर. लेथचा स्विच बंद केला तरी चक, म्हणजे जॉब धरून फिरणारा पकडीचा भाग, लगेच थांबत नाही, आपल्या वजनाने फिरत राहतो. नवा पोरगा असतो त्याला घाई असते, तो तळहात लावून थांबवायला जातो. दोन पोरांची बोटं मी स्वतः फडक्यात बांधून दवाखान्यात नेलीत. चक फिरू द्यायचा असतो. तुमची कपाटं, ते शब्दकोश, सगळा तो फिरणारा चक आहे. सतरा वर्षांचं वजन आहे, आठ महिन्यांत कसा थांबेल?

मी निवृत्त झालो तेव्हा घरातले सगळे नळ दुरुस्त केले. घरातले संपले तेव्हा शेजारचे. मग जिन्यातला एक चांगला चाललेला नळ उघडून बिघडवला आणि दुरुस्त केला. बायको म्हणाली, "तुम्ही घरी आलात, तुमचे हात अजून शिफ्टवरच आहेत." दीड वर्ष लागलं. थांबवायला गेलो नाही म्हणून थांबलं.

रातपाळी

राग मानू नका, पण दोननंतर मोकळं असणं आणि वर त्याची तक्रार करणं वाचून मी जरा हसले. मी नर्स आहे. बारा तासांची रात्र, घरी दोन लहान मुलं, आणि सासऱ्यांचं अंथरुणातच सगळं. 'समतोल' हा शब्द ज्यांच्याकडे दोन पारडी आहेत त्यांचा आहे. माझ्याकडे एकच पारडं आहे आणि ते जमिनीला टेकलेलं आहे.

तरीही लिहितेय, कारण मला बसता येतं. रोज सात मिनिटं. कपडे बदलायच्या खोलीत एक लाकडी बाक आहे. ड्युटी संपली की तिथे बूट-मोजे काढून, पाय गार फरशीवर टेकवून बसते. डोळे मिटत नाही, काही म्हणत नाही. समोर लॉकरचे नंबर आहेत ते दिसत राहतात.

हे का जमतं यावर तुमचा प्रश्न वाचल्यावर विचार केला. जमतं ते हँडओव्हरमुळे. ड्युटी सोडताना पुढच्या सिस्टरला बेडनिहाय सगळं सांगावं लागतं. चार नंबरची ड्रेन मोजली, सहाला रात्री दोनदा उलटी झाली, नऊची रक्ताची रिपोर्ट यायचीय, अकराच्या नातेवाइकांना अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. काय झालं, काय राहिलं, कशावर डोळा ठेवायचा. ती लिहून घेते, मान हलवते, आणि त्या क्षणी ते माझ्या डोक्यातून तिच्या वहीत जातं. ज्या दिवशी घाईत हँडओव्हर अर्धवट होतो त्या दिवशी मी बाकावर बसतच नाही. बसले तरी पेशंटच दिसतात.

तुमच्याकडे दोन वाजता समोर कुणी सिस्टर येत नाही. तुम्ही लॅपटॉप मिटता आणि सगळे पेशंट बरोबर घेऊन गॅलरीत जाता. तर उद्या सकाळी सातला जी बाई तुमच्या खुर्चीत बसणार आहे, तिला हँडओव्हर लिहा. 'काम पूर्ण करणे' असलं नको. कुठल्या पानावर, कुठला शब्द अडलाय, कुणाला फोन करायचाय, असं.

एका ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं सांगते. २०१८ मध्ये अमेरिकेत ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी उरलेल्या कामांची यादी लिहिली आणि निम्म्यांनी झालेल्या कामांची. उरलेल्या कामांची लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी बारकाईने लिहिलेली तितकी झोप लवकर. मला उलटं वाटलं होतं.

नऊ मिनिटं म्हणजे तुमचे ४५ शब्द. बघा, तुमची सवय मलाही लागली.

अपूर्णांक

मी गणितात पीएचडी करतोय, पाचवं वर्ष, प्रबंध सोडून बाकी सगळं वाचतो. त्यामुळे या विषयावर माझा अभ्यास भयंकर आहे.

ताई, आधी दिलासा. अकरा मिनिटं वाईट नाहीत. मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं. सोबत फक्त एक बटण, ते दाबलं की विजेचा झटका. हा झटका टाळायला आपण पैसेसुद्धा देऊ असं त्याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी सहा जणींनी बटण दाबलं. एका गृहस्थाने १९० वेळा. त्याला हिशेबातून वगळावं लागलं. तुम्ही कपडे वाळत घातलेत, हे त्या मानाने फारच सुसंस्कृत.

तुमच्या ३०० शब्दांवर तर नेमका प्रयोग झालाय. डिव्हो आणि हाउस या दोघा संशोधकांनी २०१२ मध्ये काही जणांना आधी आपली तासाची कमाई काढायला लावली आणि मग एक सुंदर गाणं ऐकवलं. ज्यांनी कमाई काढली होती ते इतरांपेक्षा अधीर झाले, त्यांना गाणं कमी आवडलं. गाणं दीड मिनिटाचंही नव्हतं. त्यांनी आकडा एकदा काढला होता, तुम्ही सतरा वर्षं रोज काढताय. आणि पावलांबद्दल, पुस्तकांबद्दल: जॉर्डन एटकिन या संशोधिकेने २०१६ मध्ये दाखवलं की चालणं, वाचणं, चित्रं रंगवणं यांची मोजणी सुरू केली की माणसं ते जास्त करतात, पण त्यांना ते कमी आवडतं, आणि मोजणी थांबली की करणंही कमी होतं. म्हणून माझा पहिला सल्ला: ॲप काढून टाका. आज.

दुसरा सल्ला, डोकं मोकळं सोडा, कारण तेव्हाच ते खरं काम करतं. ऑन्री प्वांकारे हा फ्रेंच गणिती. एका प्रश्नावर पंधरा दिवस रोज टेबलाशी बसला. मग भूशास्त्राच्या सहलीला गेला आणि गणित विसरला. कुतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवताना त्याच कामातली पुढची मोठी कल्पना आपोआप सुचली. बसमध्ये बसून त्याने अर्धवट राहिलेलं संभाषण पुढे चालू ठेवलं, तपासायचीही घाई केली नाही, इतकी खात्री. रोज तो साधारण चार तासच काम करायचा, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. आधीचे पंधरा दिवस मात्र बसावं लागतं, असंही त्यानेच सांगून ठेवलंय. तो भाग माझ्या गाईडला फार आवडतो.

शब्दमोजणी

सगळ्यांचे आभार.

रातपाळी, तुमचं हसणं रास्त आहे. लिहिताना मलाही ते टोचलं होतं. दोन दिवस हँडओव्हर लिहिला. पहिल्या दिवशी तो दीड पान झाला आणि मी त्याचे शब्द मोजले. दुसऱ्या दिवशी सहा ओळी. सकाळी ती चिठ्ठी वाचताना कुणीतरी माझी वाट बघत होतं असं वाटलं, हे विचित्र आहे पण खरं आहे.

टर्नरकाका, चक लक्षात ठेवते.

अपूर्णांक, ॲप काढलं. पण तुमच्या दुसऱ्या सल्ल्यापाशी अडले. फिरायला गेलं की उत्तर सुचतं म्हणून फिरायचं, झोपलं की काम चांगलं होतं म्हणून झोपायचं. मग ते फिरणं कामाच्याच खात्यात जमा झालं की! 'वाया' रकान्यातून खोडून 'काम' रकान्यात लिहायचं, एवढाच फरक. विश्रांतीबद्दल जिथे वाचावं तिथे हेच: विश्रांती घ्या, म्हणजे जास्त काम होईल. पाऊस बघून मला एकही शब्द सुचला नव्हता. मग तो पाऊस कुठे लिहायचा?

पुरवणी

माझं वय ७८, म्हणून तुला अगं-तुगं करते, चालवून घे. जन्मभर मुद्रितं तपासली. खिळे जुळवायचे तेव्हापासून ते संगणकापर्यंत. त्यामुळे माझं लक्ष तू काय म्हणतेस यापेक्षा कुठला शब्द वापरतेस तिकडे आधी गेलं.

तू सारखं 'रिकामं' म्हणतेस. या शब्दाची आपल्याकडे काय अवस्था आहे बघ. रिकामटेकडा, रिकामा उद्योग, रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. एकही बरी सोबत नाही बिचाऱ्याला. जुन्या ग्रीकांचं उलटं होतं. फुरसतीला ते 'स्खोले' म्हणत, पुढे त्यातूनच शाळेचा 'स्कूल' हा शब्द आला. आणि कामधंद्यात गुंतलेलं असण्याला त्याच शब्दाच्या आधी नकाराचा 'अ' लावून 'अस्खोलिया'. म्हणजे फुरसत ही मूळ वस्तू आणि काम हा तिचा अभाव. त्यांच्या फुरसतीमागे गुलाम राबत होते, हे रातपाळीने सांगायच्या आधी मीच सांगते.

पण आपल्याकडे दुसरे शब्द आहेत, आणि त्यांची क्रियापदं नीट बघ. सवड काढावी लागते. उसंत मिळावी लागते, ती आपल्या हातात नसते. विसावा घ्यायला आधी डोक्यावर ओझं लागतं. विरंगुळा म्हणजे काहीतरी हवंच, पत्ते, गाणं, कुणीतरी बोलायला. आणि मग 'निवांत'. निवांत काढत नाहीत, घेत नाहीत, मिळवत नाहीत. निवांत बसतात, निवांत बोलतात, निवांत लिहितात. तो कशाही सोबत जातो, अगदी कामासोबतही. सगळ्यात निवांत मी कधी होते सांगू? रात्री दहानंतर, छापखान्यात, शेवटच्या गॅलीवर, म्हणजे तपासायच्या कच्च्या छपाईवर. यंत्रं बंद झालेली, समोर ओला कागद, आणि घाई संपलेली कारण आता वेळेवर होणारच नव्हतं. तेव्हा तुझ्या त्या दोन रकान्यांचं मला फारसं कौतुक नाही. वाया कुठलं आणि कामाचं कुठलं, हे मला त्या-त्या दिवशी कधीच कळलं नाही.

आता खरं बोलायचं ते. सगळ्यांनी तुझी अकरा मिनिटं सोडून दिली, तूसुद्धा. तुला वाटलं होतं बसलं की काहीतरी भव्य सुचेल, आणि सुचलं काय तर 'करावे' आणि 'करता येईल'. म्हणून तू उठलीस. अगं, इतक्या वर्षांत तू हजारो पानं केली असशील. त्यातलं हेच एक वाक्य का वर आलं? मुद्रित वाचताना एखाद्या ओळीवर डोळा उगीच अडतो. चूक दिसत नाही, तरी पुढे सरकत नाही. नवशिके तिथे ओळ सोडून देतात. मी तिथे बोट ठेवायचे. बहुतेक वेळा चूक त्या ओळीत नसायचीच, वरच्या नाहीतर खालच्या ओळीत असायची.

चिंतन हा मोठा शब्द आहे, मला तो पेलत नाही. मी रविवारी संध्याकाळी स्वतःला एक प्रश्न विचारते: या आठवड्यात कुणाशी घाईने बोललीस? नाव नेहमी येतं. ते आलं की बसवत नाही, उठून काहीतरी करावंसं वाटतं. तिथे आणखी थोडं बसायचं. एवढंच मला येतं.

तर त्या कराराचं पुढे काय झालं?

शब्दमोजणी

तीन आठवड्यांनी लिहितेय.

पुरवणीआजी, कराराचं काहीच झालं नाही. तपासणाऱ्याने चूक पकडली होती, दुसऱ्याच दिवशी ईमेल आला होता, मी आभार मानून दुरुस्त करून दिलं होतं. त्या धारिकेत आज 'करावे' असंच आहे. म्हणजे जी चूक राहिलेलीच नाही, तिच्यासाठी मी उठले होते.

मग वरची-खालची ओळ बघितली. २०१६ ची वही काढली. त्या तारखेच्या डाव्या बाजूला: करारनामा, १,१०० शब्द, रात्री नऊ ते तीन. उजवीकडे, त्या अरुंद रकान्यात, माझ्याच अक्षरात: 'मावशी – ९० मि.'

ती जिन्यातली साडेचारशे, तो तोच दिवस. निघताना ती म्हणाली होती, "बस ना जरा अजून." मी म्हटलं, उद्या सकाळी द्यायचंय, परवा येते. परवा गेलेही, पण तेव्हा ती बोलत नव्हती.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते दोन्ही एकाच ओळीत आहेत हे मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. दिवे लावायचे राहिले, एवढं आठवतं. बरं वगैरे वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही बसले.

बाकी फार बदललेलं नाही. पावलं अजून बघते. ७,६०० वर एकदा दार उघडून आत गेले, पण चैन पडलं नाही. ती नोंद खोडायची का, यावर दोन दिवस घालवले, खोडली नाही. नवी वही घेतलीय तिच्यात मात्र तो रकाना आखायचा राहून गेला. मुद्दाम नाही. पट्टी सापडत नव्हती. नंतर सापडली.

रातपाळी, हँडओव्हर चालू आहे. आता चार ओळी. खाली सही करते.

टर्नरकाका, तुमच्यासाठी एक काम आहे. गॅलरीत बसलं की बाथरूममधल्या नळाचा आवाज येतो. वर्षानुवर्षं गळत असणार, मला आत्ता ऐकू येतोय. नळ घट्ट बंद केला तरी थेंब पडतोच. हे माझं मला करता येईल का?

जुना टर्नर

येईल. आतला वॉशर झिजलाय. आधी मेन कॉक बंद करा, मग नळ उघडून नळीतलं उरलेलं पाणी जाऊ द्या. वरची मूठ आणि टोपी काढली की मोठा नट दिसेल, तो पान्याने डावीकडे सोडवा, खाली स्पिंडल आणि टोकाला वॉशर. जुना वॉशर बरोबर घेऊन दुकानात जा, अंदाजाने आणू नका. बसवताना नट हाताने जाईल तेवढा फिरवा, शेवटचा पाव फेराच पान्याने. जास्त आवळलात तर नवा वॉशर चेपतो आणि महिन्याभरात परत गळायला लागतो.

पाना नसेल तर शेजारी विचारा. बहुतेकांकडे असतो.